‘आता वय झाले’ म्हणणारांस

आमच्या सुशिक्षित वर्गात चाळिशी उलटली की एक वाक्य माणसाच्या जिभेवर घर करते. दोन जिने चढून दम लागला की ‘आता वय झाले’. पंगतीत मांडी घालून बसता आले नाही की ‘आता वय झाले’. मुलाने हात धरून मैदानाकडे ओढले की पुन्हा तेच. पंचेचाळीस वर्षांचे वकील, अठ्ठेचाळीस वर्षांचे अध्यापक, पन्नाशीचे कचेरीतील अधिकारी हे वाक्य इतक्या सहजतेने आणि, खरे सांगावयाचे तर, इतक्या समाधानाने उच्चारतात की, जणू वार्धक्य ही एक बढती असून तिचा हुकूम आपणांस मुदतीपूर्वीच मिळाला आहे! आमचे म्हणणे असे की, हे वाक्य बहुतेकांच्या तोंडी खोटे आहे. ते बोलणारा लबाड असतो असे नव्हे. त्याने ते स्वतःलाच इतक्या वेळा ऐकवलेले असते की, त्याचा त्यावर पुरा विश्वास बसलेला असतो. परंतु जे नुकसान तो वयाच्या खाती मांडतो, त्यातील मोठी रक्कम खुर्चीच्या खाती निघते. आणि खुर्चीने जे नेले ते बऱ्याच अंशी परत मिळवता येते. एवढे दाखवून देण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच आहे.

आम्ही हे धाराशिवात बसून लिहीत आहो. २०२३ पर्यंत सरकारदप्तरी ज्याला उस्मानाबाद म्हणत, तोच हा जिल्हा. बालाघाटचे उघडे डोंगर, बेभरवशाचा पाऊस आणि काटक माणसे यांसाठी तो प्रसिद्ध आहे. येथील शेळी ‘उस्मानाबादी’ या नावाने देशभर नावाजलेली आहे. काटेरी झुडपावर जगावे, उन्हातान्हात कोस दोन कोस हिंडावे आणि खडकावर सहज चढून जावे, ही तिची ख्याती. त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणारे आम्ही पांढरपेशे मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्तमानपत्र आणावयाचे तर दुचाकीला किल्ली लावतो. शेळीने जिल्ह्याचे नाव राखले. माणसांविषयी तसे म्हणवत नाही!

आता एक प्रत्यक्ष पुरावा घेऊ. दरवर्षी कोजागिरीच्या सुमारास सोलापूर ते तुळजापूर हा रस्ता माणसांनी फुलून जातो. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. सोलापूरचे, कर्नाटकातले, आसपासच्या खेड्यांतले लोक आई भवानीचा उदोकार करीत, कित्येक तर अनवाणी, ती वाट चालून जातात. यांत केवळ पोरेसोरे असतात काय? मुळीच नाही. त्यांत पन्नाशीचे व्यापारी असतात, साठीच्या आजीबाई असतात आणि एरवी ‘गुडघे गेले हो’ म्हणून सांगणारे आमचे स्नेहीही असतात. हे सर्व पोचतात, दर्शन घेतात, चार दिवस तळपायांच्या फोडांचे कौतुक सांगतात आणि मग पुढल्या कोजागिरीपर्यंत खुर्चीत विसावतात. आमचा प्रश्न साधा आहे. एका रात्रीसाठी जे वय आड आले नाही, ते उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कसे आड येते? भक्तीने बळ येते हे आम्हांस मान्य आहे. परंतु भक्तीने नवे पाय फुटत नाहीत. चालले ते जुनेच पाय. ते होते, आणि चालण्याजोगे होते, एवढे तरी या यात्रेने सिद्ध होतेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, ही श्रद्धेची गोष्ट झाली. शरीर उतरणीला लागते हा निसर्गनियम आहे, त्याचे काय? नियम आम्हांस कबूल आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, हृदयाची कमाल गती कमी होते, हाडे विरळ होऊ लागतात. प्रश्न उतरण आहे की नाही हा नसून, ती किती उभी आहे हा आहे. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले आणि त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची शक्ती, म्हणजे आपण ज्याला ‘दम’ म्हणतो ती, मोजण्यात आली. तेव्हा ते विशीचे होते. तीस वर्षांनी, पन्नाशीला पोचलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की, विशीतील तीन आठवड्यांच्या निजण्याने त्यांचा दम जितका घटला होता, तितका मधल्या तीस वर्षांच्या वयानेही घटला नव्हता! या काळात त्यांच्या देहातील चरबीचे प्रमाण मात्र सरासरी १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेले होते. मग त्यांना सहा महिने बेताबेताने वाढवीत नेलेले चालणे, धावणे, सायकल चालवणे असा व्यायाम दिला. वजन थोडेसेच उतरले. परंतु दम विशीत निजण्यापूर्वी होता तितका परत आला. माणसे पाचच होती, सबब या प्रयोगावर सर्व जगाचे ओझे टाकू नये हे खरे. तथापि पुढे त्याच शहरी बैठ्या जीवनक्रमाच्या मध्यमवयीनांवर झालेला दोन वर्षांचा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही व्यायाम करणारांचा दम सुमारे १८ टक्क्यांनी वाढला आणि ताठर होऊ लागलेले हृदय पुन्हा लवचीक झाल्याचे दिसले. बोस्टन येथे १९९० साली सरासरी नव्वद वर्षे वयाच्या मूठभर वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करवला, तर त्यांच्या पायांतील बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदीचा म्हातारा ताकद कमावतो, आणि आमचा सत्तेचाळीस वर्षांचा हेडक्लार्क ‘आता काय उरले?’ म्हणून सुस्कारा टाकतो!

येथे एका गैरसमजास वाट देऊ नये. ‘आमच्या शिवारातला मजूर पहा, साठीतही कसा राबतो,’ असे म्हणून त्याच्या देहाचे गोडवे गाण्याची आमच्या वर्गाला हौस आहे. आम्ही त्यात सामील होणार नाही. उसाच्या फडात पहाटेपासून वाकणाऱ्या माणसाची पाठ व्यायामाने नव्हे, अतिश्रमाने आणि अपुऱ्या अन्नाने मोडते. त्याला विश्रांती हवी, मजुरी हवी, औषध हवे. त्याचे दुखणे आणि आमचे दुखणे परस्परांच्या अगदी उलट आहे. त्याच्या वाट्याला श्रम फार आले, आमच्या वाट्याला मुळीच आले नाहीत. म्हणूनच ‘वय झाले’ हे वाक्य त्याने उच्चारले तर आम्ही मान खाली घालून ऐकू. तेच वाक्य वातानुकूलित खोलीतून आले म्हणजे मात्र आम्हांस हसू आवरत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. ‘आम्हांस सवड कोठे?’ जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितले, ते आठवड्यास मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असे आहे. आठवड्याची मिनिटे भरतात १०,०८०. त्यातील दीडशे, म्हणजे शेकडा दीड. ज्या गृहस्थास हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर अंगठा फिरवीत रोज दोन तास बसता येते, त्याने सवडीची सबब सांगावी हे धाडसच म्हटले पाहिजे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील आपले पहिले वर्ष देह कमावण्यात खर्ची घातले आणि परीक्षेतील अपयश पत्करले, ही गोष्ट आमच्या वर्गात अभिमानाने सांगितली जाते. त्यांनी एक अख्खे वर्ष दिले. आम्ही त्यांच्या पुण्यतिथीला भाषण देतो, अर्धा तास देत नाही.

तिसरा आक्षेप सडपातळ मंडळींचा. ‘आमचे पोट सुटलेले नाही, आम्हांस काय भीती?’ यांना पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण सांगावे. २००४ साली त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात शेजारीशेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. अंगातील चरबी मात्र साहेबाच्या देहात ९.१ टक्के, तर आमच्या डॉक्टरांच्या देहात २१.२ टक्के! आपला माणूस दिसावयास कृश असूनही आतून स्थूल असू शकतो, हे याज्ञिकांनी जगापुढे मांडले. जेवणातून आलेली साखर मुख्यत्वे स्नायूंनी शोषून घ्यावयाची असते. स्नायूच नसतील आणि असलेले हलत नसतील, तर ती रक्तात साचून राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची १३ कोटींच्या वर सांगितली. कुंथलगिरीचा पेढा आम्हांसही प्रिय आहे, त्याच्यावर आमचा राग नाही. परंतु पूर्वी तो पेढा खाणारा डोंगर चढून जात होता, आता तो पेढाच मोटारीतून आमच्या दारी येतो, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

आणखी एक आक्षेप अध्यात्माचा वेष घेऊन येतो. ‘देह नाशिवंत आहे, त्याचे एवढे चोचले कशाला?’ हे म्हणणारास आम्ही तेरला घेऊन जाऊ. तेर हे आमच्याच जिल्ह्यातले, गोरोबाकाकांचे गाव. विठ्ठलाच्या भजनात देहभान हरपलेला हा संत दिवसभर पायांनी चिखल तुडवीत होता. त्याने देह नाशिवंत मानला, म्हणून तो निकामी होऊ दिला नाही. विरक्ती आणि आळस यांचा चेहरा दुरून सारखा दिसतो, जवळ गेल्यावर ओळख पटते.

आळशांचा समाचार झाला. आता उतावळ्यांकडे वळू. यांचा वर्ग लहान असला तरी नुकसान मोठे करतो. कोणी मित्र अकस्मात हृदयविकाराने जातो, अथवा डॉक्टर रक्ताच्या तपासणीचा कागद पाहून भुवया उंचावतात, की पन्नाशीचा गृहस्थ एका रात्रीत पहिलवान व्हावयास निघतो. नवे बूट येतात, धावण्याचे यंत्र घरात येते, पहिल्याच आठवड्यात तो विशीच्या वेगाने धावतो आणि दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याला पट्टी बांधून पलंगावर पडतो. पुढे त्या यंत्रावर धुतलेले कपडे वाळत घातले जातात, आणि ‘पहा, आम्ही म्हणत नव्हतो, आता वय झाले!’ असा निकाल विजयी मुद्रेने ऐकवला जातो. दोष वयाचा नव्हता. वीस वर्षांचे देणे आठ दिवसांत फेडण्याच्या हव्यासाचा होता. स्नायू काही आठवड्यांत जागे होतात. परंतु त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात, आणि घात होतो तो या मधल्या अंतरात.

याउलट ज्यांनी हे काम नीट केले, त्यांची रीत पहावी. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. तरुणपणी त्यांनी सँडो या पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीचा व्यायाम बरीच वर्षे केला. पण सूर्यनमस्कारांचा नित्यक्रम त्यांनी धरला तो १९०८ साली, म्हणजे वयाच्या चाळिशीत! ज्या वयात आमचे लोक व्यायामास रजा देतात, त्या वयात या राजाने तो नव्याने हाती घेतला, म्हातारपणापर्यंत चालवला, आपल्या संस्थानातील शाळांतून शिकवला आणि त्यावर लिहिलेले त्याचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये छापले गेले. १९५१ साली ब्याऐंशी वर्षांचे होऊन ते निवर्तले. राजाला सवड असते, असे कोणी म्हणेल. तर मग नमस्काराला लागते ते काय? देहाच्या लांबीची जागा आणि पहाटेची पंधरा मिनिटे. ही श्रीमंती आमच्या प्रत्येक वाचकाजवळ आहे. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. व्यायामावर इतकी मोठी ग्रंथसंपत्ती ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकाचा तिच्याशी संबंध कपाटावरची धूळ झटकण्यापुरता रहावा, हे शोभणारे नाही.

रीत थोडक्यात सांगावयाची तर अशी. ज्यास मधुमेह, रक्तदाब अथवा चालताना छातीत दाटल्यासारखे होण्याची तक्रार असेल, त्याने आधी डॉक्टरांस विचारावे. हा भित्रेपणा नव्हे, शहाणपण आहे. मग रोज अर्धा तास अशा वेगाने चालावे की, सोबत्याशी बोलता येईल, गाणे मात्र म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोनदा बैठका माराव्या. प्रथम खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून आरंभ करावा. जोर जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून काढावे. नमस्कार तीनपासून सुरू करावे आणि संख्या आठवड्याला एकदोनने वाढवावी. तीन महिने आरशाकडे आणि वजनकाट्याकडे पाहू नये, जिन्याकडे पहावे. डॅलसच्या त्या पाच जणांचेही वजन फारसे हलले नव्हते, हे विसरू नये.

आता सर्वांत अवघड विषयाकडे येतो. कारण येथे आरोपी आम्ही पुरुषच आहो. वर सांगितलेला अर्धा तास घरातील पुरुषास मिळाला, तर तो बहुधा गृहिणीच्या खर्चाने मिळतो. साहेब पहाटे हातलाईच्या डोंगराकडे फिरावयास जातात, तेव्हा डबे कोण भरते? ‘घरकामात बायकांचा व्यायाम आपोआप होतोच की!’ हे वाक्य ‘आता वय झाले’ याचे सख्खे भावंड आहे, आणि तितकेच खोटे. ओट्यापाशी चार तास उभे राहिल्याने पाय सुजतात, स्नायू बळकट होत नाहीत. थकवा म्हणजे व्यायाम नव्हे. जाते गेले, पोहरा गेला, ते जावयासच हवे होते. परंतु त्यांच्या जागी मोकळी हवा आणि मोकळा वेळ आला नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत असे आढळले. त्यांत पुरुषांचे प्रमाण शेकडा ४२, तर स्त्रियांचे शेकडा ५७. शिवाय पाळी गेल्यानंतर स्त्रीची हाडे झपाट्याने विरळ होतात. म्हणजे ज्या वयात तिला पायांवर भार घेणाऱ्या, बळ देणाऱ्या व्यायामाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वयात आम्ही तिला नातवंडे सांभाळावयास बसवतो. याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी खो-खोच्या मैदानावर देशाचे नेतृत्व केले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मुलीच्या धावण्याला टाळी आणि तिच्या आईने सकाळी बूट घालून बाहेर पडले तर ‘या वयात हे काय सुचले?’ म्हणून भुवई, हा न्याय कोठला? ज्या घरात पहाटेचा अर्धा तास नवराबायकोंनी वाटून घेतलेला नाही, त्या घरातील पुरुषाचा व्यायाम हा आरोग्याचा प्रयत्न असेल. पराक्रम मात्र खचित नव्हे.

नगरपालिकेने मैदाने राखावी, पदपथ मोकळे करावे, दिवे लावावे, या मागण्या रास्तच आहेत आणि त्या केल्याच पाहिजेत. परंतु पदपथ होईपर्यंत बसून राहण्याचा बेत असेल, तर ती मागणी नसून आणखी एक सबब आहे.

शेवटी पुन्हा तेरला जाऊ. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांस विचारले की, यांतील मडकी पक्की किती आणि कच्ची किती? काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर मारीत चालले. सारे निमूट बसले. एकटे नामदेव चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे. ही कथा आम्ही मोठ्या आवडीने सांगतो, पण तिचा पुढचा भाग विसरतो. नामदेव ‘आता वय झाले’ म्हणून घरी बसले नाहीत. अपमान गिळून ते विसोबा खेचरांकडे गेले, शिष्य झाले आणि पक्के होऊन आले. कच्चे ठरणे हा शेवट नव्हता, आरंभ होता.

तुळजापूरच्या देवळात पायऱ्या उतरून आईपाशी जावे लागते आणि दर्शन झाले की त्याच पायऱ्या चढून बाहेर यावे लागते. आम्हां मध्यमवयीनांसाठी हेच गोरोबांचे थापटणे आहे, असे आम्ही समजतो. गेल्या वर्षी ते आमच्या मस्तकावर बसले. अर्ध्या वाटेत कठड्याला धरून उभे राहिलो, आणि आमच्याही तोंडून ते वाक्य निघाले. शेजारून परडी घेतलेली एक वृद्धा न थांबता वर निघून गेली. तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. परंतु त्या दिवसापासून ते वाक्य उच्चारण्याचा आमचा अधिकार संपला. वाचकांनी एकदा त्या पायऱ्यांवर स्वतःची परीक्षा घ्यावी. मडके पक्के निघाले तर आनंदच आहे. कच्चे निघाले तर आळ वयावर घालू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे उठावे.